‘नाटकं नकोत’ म्हणणारी सिस्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बायपासनंतर पेशंटची उमेद टिकवण्यात नर्सचा वाटा किती, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘हे सगळं पुस्तकी आहे. माझ्या वडिलांना तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, उठा, नाटकं नकोत. तीस पेशंटमागे दोन सिस्टर, त्या कसली उमेद देणार? आज पाच आठवडे झाले, बाबा घराबाहेर पडत नाहीत.’

‘नाटकं’ म्हणणं चूकच. थकल्यावर तोंडून असं जातं, माझ्याही गेलंय, आणि पेशंट ते विसरत नाही. अपुऱ्या स्टाफबद्दलही मी लिहायला हवं होतं.

पण उमेद द्यायची म्हणजे खाटेशी बसून गोड बोलायचं, हे मला पटत नाही. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं, पायातली शीर काढलेली. खोकलो तर टाके उसवतील या धास्तीने माणूस श्वासही वरवर घेतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो. त्याला ‘हिंमत धरा’ सांगून काय उपयोग? चालवायच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याची गोळी पोटात गेली आहे ना, हे आधी बघायचं. त्याला जादा वेळ लागत नाही, फक्त कामांचा क्रम बदलावा लागतो.

एक निवृत्त मास्तर होते. दिवसभर भिंतीकडे तोंड, ‘कशाला वाचवलंत’ एवढंच. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र उशाशी तसंच पडलेलं. ड्रेसिंग करता करता मी म्हटलं, ‘‘मास्तर, काल पहिला चेंडू निम्म्यावरच अडकला की.’’ बोलले नाहीत. थोड्या वेळाने उशी छातीशी आवळून खोकले, नळी तोंडात धरून श्वास ओढला. चेंडू टपकन वर टेकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘दुसरा का हलत नाही?’’ त्या दिवशी चहा मागून घेतला त्यांनी.

आता बाबांचं. ‘बाहेर चला’ असा लकडा लावण्याआधी भीती कशाची वाटते ते विचारा. चाललो तर हाड उघडेल, असं पुष्कळांना वाटतं. हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर वजन उचलायचं नाही, खुर्चीतून उठताना हातांवर भार द्यायचा नाही. पण सपाटीवर सावकाश चालण्याने हाड उघडत नाही. हे सर्जनच्या तोंडून त्यांना ऐकवा. पहिले काही दिवस रडू येणं, झोप न लागणं बऱ्याच जणांना होतं. पाच आठवड्यांनंतरही तसंच असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

आणि धाप लागत असेल, छाती दुखत असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल, तर आजच दाखवा.