पॅनल ठोकायचं नसतं, टांगायचं असतं

या उन्हाळ्यात एक मेसेज वाडीवाडीच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो सहा-सात जणांनी पाठवला, आणि दोघांनी खाली लिहिलं होतं, ‘मेस्त्री, मापं घ्यायला कधी येताय?’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जांभ्याची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ओकते, म्हणून घराला चारही बाजूंनी बाहेरून पीव्हीसीची पॅनलं ठोकून घ्या. घर दहा अंशांनी थंड होईल. पॅनलला उन्हाने काही होत नाही, अमेरिकेत घरंच्या घरं याच पॅनलांनी मढवलेली असतात. कुठे वाकलंच तर हीट गनने शेकून सरळ करा. भिंत पावसाळ्यात कोरडी राहील, रंगाचा खर्च जन्मभर सुटेल, आणि कधी कंटाळा आला तर हवा तो रंग मारता येईल.

मी घरदुरुस्तीची कामं घेतो. पॅनलंही बसवतो, त्यामुळे माझं पॅनलशी भांडण नाही. पण या मेसेजवर विश्वास ठेवून लोकांनी साठवलेले पैसे भिंतीवर ठोकले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मला बोलावलं, अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य खरं आहे, ते आधी मान्य करतो. पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीला मे महिन्यात रात्री नऊ वाजता हात लावून बघा, कोमट लागते. जाड भिंत दुपारची धग सावकाश आत पोचवते आणि ती आत येईपर्यंत आपली अंथरुणं पडलेली असतात. पण दहा अंश कुठून आले? मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य कोकणच्या ऐन माथ्यावर येतो, आपला शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो. त्या दिवसांत भरदुपारी उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. पडतं ते सगळं छपरावर, चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास. एकमजली घर तापतं ते मुख्यतः स्लॅबमधून नाहीतर पत्र्यातून. भिंतीला मार बसतो तो सकाळी पूर्वेला आणि तीननंतर पश्चिमेला. दक्षिणेच्या भिंतीवर ऊन चढतं ते डिसेंबरात, आणि तेव्हा ते कोणाला नको नसतं. चार बाजूंच्या पॅनलांचा पैसा हातात असेल तर आधी स्लॅबवर पांढरा परावर्तक रंग द्या आणि पश्चिमेला पडवी उतरवा. आपल्या जुन्या घरांची छपरं एवढी खाली का आणली होती, ते एकदा दुपारी चार वाजता पडवीत बसलं की कळतं. ऊन भिंतीपर्यंत येतच नाही.

‘उन्हाने काही होत नाही’ हे वाक्य मात्र सरळ खोटं आहे. पीव्हीसी सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. तुम्ही म्हणाल, किनाऱ्यावर पारा बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसच्या वर कुठे जातो? बरोबर, पण तो हवेचा आकडा झाला. पश्चिमेच्या भिंतीवरचं गडद रंगाचं पॅनल वारा नसलेल्या दुपारी साठाच्या घरात सहज जातं. नुसत्या उन्हाने ते वितळत नाही, पण मऊ पडायला थोडंच अंतर उरतं, आणि ते अंतर भरून काढायला दुसरीकडून थोडी धग आली की पुरते.

ही दुसरी धग कशी असते ते मी देवगड बाजूच्या एका घरी पाहिलं. घरच्या काकूंनी मला मागीलदारी नेलं आणि विचारलं, ‘मेस्तरी, ह्यां असां कित्यां झालां?’ पूर्वेची भिंत. सलग चार पॅनलं भाजलेल्या पापडासारखी वर-खाली झालेली, आणि त्यांच्या वरची, खालची, शेजारची सगळी सरळ. पूर्वेच्या भिंतीला दुपारचं ऊन लागत नाही, आसपास चूल नाही, विजेची वायर नाही. बसवणाऱ्याने माल खराब निघाला म्हणून हात झटकले होते. मी तिथेच आंब्याखाली बसून राहिलो. चार वाजायच्या सुमाराला समोरच्या नव्या बंगल्याच्या वरच्या खिडकीतून एक लख्ख कवडसा या भिंतीवर उतरला. साधारण सुपाएवढा. पाहतापाहता तो सरकत बरोबर त्या चार पॅनलांवरून गेला. मी मध्ये तळहात धरला, फार वेळ धरवला नाही.

त्या बंगल्याला एसी आहे आणि खिडक्या दुपदरी काचेच्या आहेत. दोन काचांमध्ये हवा बंद केलेली असते. आतबाहेरच्या दाबात फरक पडला की काच केसभर आत ओढली जाते, आणि परावर्तक थर दिलेली अशी काच अंतर्गोल आरशासारखी ऊन एका जागी गोळा करते. अमेरिकेत याच कारणाने भिंती वाकल्याच्या तक्रारी पुष्कळ झाल्या आहेत, आणि असा कवडसा नव्वद अंशांच्याही वर जाऊ शकतो. इलाज महागडा नव्हता. काकूंनी शेजाऱ्यांकडे जाऊन सांगितलं, त्यांनी खिडकीला बाहेरून मच्छरदाणीची जाळी लावली आणि कवडसा फुटला. जाळी बाहेरूनच हवी, काचेच्या आत लावून उपयोग नाही. आणि हे पॅनल बदलायच्या आधी करायचं, नाहीतर नवीन पॅनलही पुढच्या महिन्यात तसंच होतं.

आपल्याकडे अशा धगी बऱ्याच आहेत आणि मेसेजमध्ये त्यातली एकही नाही. न्हाणीची चूल भिंतीला लागून असते, वर हंडा रोज तापतो. आंब्याकाजूचा पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, लोक घराच्या कोपऱ्यावरच पेटवतात. खालच्या शेडवर नवाकोरा चकचकीत पत्रा घातला की तो वरच्या भिंतीवर ऊन फेकतो. न्हाणीच्या बाजूला पॅनल लावूच नका, तिथे जांभाच राहू द्या. त्याला चुलीचं भय नाही.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त भिंती बिघडतात, ती मेसेजच्या एका शब्दात आहे: ‘ठोकून’. पीव्हीसी तापलं की पसरतं. तीन मीटर लांबीचं पॅनल घ्या. डिसेंबरातल्या पहाटेचे वीस अंश आणि मेमधल्या दुपारचे पृष्ठभागाचे साठ, एवढ्या फरकात ते सातएक मिलिमीटरने वाढतं. तेवढी वाढ कुठेतरी जायला हवी. म्हणूनच पॅनलच्या वरच्या कडेला गोल भोकं नसून आडव्या लांबट खाचा असतात. खिळा किंवा स्क्रू त्या खाचेच्या बरोबर मध्यावर यावा आणि त्याचं डोकं पॅनलपासून मिलिमीटरभर सुटं राहावं. दोन्ही टोकांना सहाएक मिलिमीटरची फट सोडायची. काम ऐन दुपारी करत असाल तर पॅनल आधीच पसरलेलं असतं, तेव्हा फट थोडी कमी चालते. पहाटेच्या गारव्यात करत असाल तर जास्त लागते. पण आपल्याकडे होतं काय, तर कारागीर फर्निचर करून आलेला असतो. त्याच्या हाताला सवय असते स्क्रू घट्ट आवळायची. ढिलं ठेवलं तर मालक म्हणतो, काम कच्चं केलं. मग दोन्ही टोकं जखडलेलं पॅनल पहिल्याच मार्चमध्ये मध्ये पोट काढतं. पॅनल भिंतीवर ठोकायचं नसतं, शर्ट खुंटीला टांगतात तसं टांगायचं असतं. कारागिराला हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा.

वाकलेलं हीट गनने सरळ करायचा सल्ला तर कृपा करून कोणी ऐकू नका. हीट गनची झळ तीनशे अंशांच्या वर जाते. पीव्हीसी जास्त तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईड सुटतो, डोळे आणि घसा जाळणारा वायू. आणि एवढं करून पॅनल मूळ आकारात येत नाही. त्याची साखळी, म्हणजे खालच्या पॅनलमध्ये अडकणारी कड, एकदा वेडीवाकडी झाली की ती पुन्हा बसत नाही. काढलेले तुकडे पातेऱ्यात टाकून जाळू नका, तेही याच कारणाने.

खरी दुरुस्ती तशी सोपी आहे. नुसतं पोट आलं असेल आणि पॅनल वितळलेलं नसेल, तर स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बऱ्याचदा ते बरंचसं बसतं. वितळून लाटा आल्या असतील तर पॅनल बदलावंच लागतं, पण भिंत उस्तरायची गरज नाही. यासाठी आकड्यासारख्या टोकाची एक चपटी पट्टी मिळते. वरच्या पॅनलच्या खालच्या कडेत ती अडकवायची, खाली ओढायची आणि आडवी सरकवत न्यायची, चेन उघडते तशी कड सुटत जाते. खालच्याचे खिळे काढा, नवं पॅनल सरकवा, खाचेच्या मध्यावर खिळा घ्या, कड पुन्हा चढवा. एक युक्ती सांगतो. उन्हाने फिकटलेल्या भिंतीत नवं पॅनल ठिगळासारखं दिसतं. तेव्हा मागीलदारचं जुनं पॅनल काढून पुढे लावायचं आणि नवं मागे. काकूंच्या घरी पूर्वेची भिंत मागचीच होती, त्यामुळे तीही गरज पडली नाही.

रंगाबद्दल एवढंच. पॅनल मुळात ज्या रंगाचं आहे त्यापेक्षा गडद रंग त्यावर कधीच मारू नका. पांढरं पॅनल जेवढं तापेल अशा हिशेबाने बनवलंय, त्यावर चॉकलेटी रंग मारला की तो हिशेब मोडतो.

भिंत कोरडी राहते हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याची मला कदर आहे. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही नैऋत्येच्या वाऱ्याने आडवा येणारा. जांभा सच्छिद्र, तो पाणी धरतो. पूर्वी पावसाळ्याआधी भिंतीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे ती यासाठीच. पॅनलही झापाचं काम करू शकतं, पण झापामागे वारा खेळायचा. पॅनलमागे तो खेळावा म्हणून पट्ट्या उभ्या माराव्या लागतात, खालची कड उघडी ठेवून तिथे बारीक जाळी लावावी लागते. आपल्याकडे खालून सिलिकॉन भरून ‘पॅक’ करतात. मग गणपतीपर्यंत आत शिरलेला ओलावा दिवाळीतही तिथेच असतो, आणि पट्ट्या लाकडी असतील तर वाळवी येते. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या घ्या, स्क्रू स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाही.

राहिली अमेरिका. तिथल्या घरांची भिंत बहुतेक लाकडी सांगाड्याची असते, तिला बाहेरून आवरण लागतंच. त्यासाठी एएसटीएम या तिथल्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी ३६७९ हे वेगळं मानक आहे. आपल्या दुकानात छताला आत लावायची पॅनलं बाहेरच्या भिंतीसाठी म्हणून खपवली जातात, ती या मानकाची नसतात. पातळ असतात, आणि त्यांना लांबट खाचाही नसतात. तिथल्या कंपन्यांच्या गॅरंटीतही शेगडीने किंवा काचेच्या परावर्तनाने वाकलेलं पॅनल बहुधा वगळलेलं असतं. बिल फाडायच्या आधी गॅरंटीच्या कागदावर तेवढी ओळ शोधा.

ज्यांनी पॅनल लावून घेतलंय त्यांनी घाबरून जाऊ नका. एखाद्या सकाळी, भिंत थंड असताना, पॅनलवर तळहात सपाट ठेवा आणि आडवं ढकलून बघा, डावीकडे आणि उजवीकडे. हललं तर ते टांगलेलं आहे, त्याला हात लावू नका. हललं नाही तर कारागिराला बोलवा आणि पश्चिमेच्या भिंतीपासून स्क्रू सैल करून घ्या.