पदकाआधी शाल

‘पदक वितरण व लगेच कॉन्सर्ट, वेळ सहा, प्रवेश मोफत.’ आमच्या सोलापुरात वेळ सहा म्हणजे सहाला मंडपवाला टेम्पोतून खुर्च्या उतरवायला घेतो. स्पर्धा कुठली ते विचारू नका. आंतरराष्ट्रीय होती एवढं पुरे. संयोजक गावातलेच आहेत, पार्क चौपाटीवर रोज समोर येतात.

सोबत मेहुणा होता. त्याच्याकडे माहिती फार. “दाजी, २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकला सॉल्ट लेक सिटीत हेच करायचे. संध्याकाळी भर गावात पदकं, लगेच कॉन्सर्ट!” म्हटलं, तिथं आपले संयोजक असते तर पहिलं पदक मिळेपर्यंत बर्फ वितळला असता.

सातला घोषणा झाली, ‘प्रमुख पाहुणे सात रस्त्यावर आलेले आहेत.’ मग पाऊण तास काही नाही. साहेब बहुधा सातही रस्त्यांनी एकेकदा जाऊन आले.

आल्यावर सत्कार. पाहुण्यांचा, पाहुण्यांसोबत आलेल्यांचा, ‘वेळात वेळ काढून’ आलेल्यांचा. वेळ आमचा निघत होता, शाल त्यांना! कोपऱ्यात विजेत्यांचा चौथरा होता. ऑलिम्पिकमध्ये १९३२ पासून यावर खेळाडू उभे राहतात. इथं दोन नंबरवर शालींचा गठ्ठा होता, तीनवर हारांची टोपली आणि एक नंबरवर नारळांचं पोतं. सुवर्ण नारळालाच, हे तेव्हाच ठरलं होतं म्हणायचं.

नऊनंतर पोतं उतरवलं आणि एक परदेशी पोरगी वर चढली. साहेबांनी पदक तिच्या गळ्यात घातलं, पण नजर फोटोग्राफरकडे. फीत तिच्या अंबाड्यात अडकली ती अडकलीच. “साहेब, इकडं बघा की ओ!” साहेब इकडं बघतायत, पोरगी मान तिरकी करून हसतेय. पदक गळ्यात घालायची पद्धत १९६० च्या रोम ऑलिम्पिकपासूनची. त्याआधी हातात देत. शहाणी माणसं होती. त्यात तिच्या खांद्यावर भर एप्रिलात अस्सल सोलापुरी चादर पांघरली. स्पर्धेत आला नसेल एवढा घाम तिला तिथं आला.

गायक आला तेव्हा दहाला दहा कमी. “कसं आहे सोलापूऽऽर?” सोलापूर जांभया देत होतं. दोन गाणी होतायत तोवर हवालदारांनी घड्याळ दाखवलं, दहानंतर स्पीकर बंद. उरलेल्या मिनिटांत आभारप्रदर्शन; सुरुवात मंडपवाल्यापासून.

आम्ही निघालो तर ती विजेती गेटजवळ उभी, चादरीची घडी काखेत, नारळ कानाशी धरून हलवून बघत. मेहुण्याने विचारलं, “दाजी, विमानात नारळ चालतो का हो?”