टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड वाढलं असं नाही

तुमच्या लेखात अंतःस्रावी ग्रंथींची, म्हणजे थेट रक्तात हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथींची, ओळख छान करून दिलीत. फक्त पियुषिकेला (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला) 'सगळ्या ग्रंथींची राणी' म्हणून पुढे निघून गेलात, तिथे जरा थांबायला हवं होतं. तिच्यावरही मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा हुकूम चालतो, आणि रक्तात थायरॉईडचं हार्मोन पुरेसं झालं की दोघंही हात आखडता घेतात.

हे माहीत नसलं की रिपोर्ट वाचताना घोळ होतो. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) हे थायरॉईडचं नाही, पियुषिकेचं हार्मोन. थायरॉईड ग्रंथी कमी काम करू लागली की तिला हाकायला पियुषिका ते जास्त सोडते. माझ्या आईचं टीएसएच वाढलेलं आलं, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आधीच थायरॉईड जास्त, त्यात वर गोळी कशाला?" आईने खरंच थायरॉईडच्या हार्मोनची कमतरता भरून काढणारी ती गोळी बंद केली होती!

शिवाय ती गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्यायचे, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. डोस बदलला तर टीएसएच पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी बघतात. आधी तपासून खरं चित्र कळत नाही. एवढं लेखात जरूर घाला.