‘ओएओ-बी’वर अख्खा लेख का लिहिला?

नमस्कार. इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. जिने एकही तारा पाहिला नाही त्या ‘ओएओ-बी’ दुर्बिणीचं (‘नासा’च्या ‘ऑर्बिटिंग अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल ऑब्झर्व्हेटरी’, म्हणजे ‘ओएओ’, या अवकाश-वेधशाळांच्या मालिकेतली ही एक) माझ्या लेखात एवढं कौतुक कशाला, पैसा पाण्यात गेला तो गेला, आणि कशामुळे गेला तेही मी एका ओळीत उरकलं, असं तुमचं म्हणणं.

यातलं शेवटचं एकदम मान्य. म्हणून आधी तेच सांगतो.

३० नोव्हेंबर १९७० ला फ्लोरिडातून अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेट निघालं. टोकावर दोन टनांहून जड उपग्रह, त्यात ३८ इंची दुर्बीण. वर जाताना हवेचा मारा लागू नये म्हणून उपग्रहावर कवच असतं. हवा विरळ झाली की ते भुईमुगाच्या टरफलासारखं उकलून गळून पडायला हवं. ते पडलंच नाही. एवढं जादा ओझं घेऊन सेंटॉरला, म्हणजे रॉकेटच्या वरच्या टप्प्याला, कक्षेत टिकण्यापुरता वेग काही गाठता आला नाही. दुर्बीण कवचात मिटलेलीच खाली आली आणि वातावरणात नष्ट झाली. तिच्यात स्वतःत काही खोट नव्हती हो! ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या पीएसएलव्ही-सी३९ चं कवचही असंच सुटलं नाही, आणि आयआरएनएसएस-१एच हा दिशादर्शक उपग्रह आत अडकून बसला, ते तुम्हाला आठवत असेल.

आता ‘पैसा पाण्यात’. हे मात्र मला पटत नाही. या दुर्बिणी अतिनील प्रकाश पाहण्यासाठी होत्या, आणि ताऱ्यांचा बहुतेक अतिनील प्रकाश वातावरणच अडवतं. दुर्बीण हिमालयावर नेली तरी तो हाती लागत नाही. वर जाण्यावाचून इलाज नव्हता. १९६६ ची पहिली ओएओ काही दिवसांतच वीजपुरवठा बिघडून बंद पडली. १९६८ ची दुसरी चार वर्षं चालली. धूमकेतूभोवतीचा हायड्रोजनचा अवाढव्य ढग तिने दाखवला. मग ही. तीनपैकी दोन गेलेल्या असताना त्या लोकांनी हात टेकले नाहीत. ऑगस्ट १९७२ मध्ये याच मालिकेतली ‘कोपर्निकस’ वर गेली, आठ वर्षांहून जास्त चालली, आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेतल्या वायूतलं ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, तिने मोजलं.

पण कोपर्निकसवरची दुर्बीण प्रिन्स्टन विद्यापीठाची, वेगळी. ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रातल्या मंडळींनी घडवलेली ती ३८ इंची पुन्हा कधी उडाली नाही. तिच्या नावावर एक वर्णपट नाही, एक शोध नाही. म्हणूनच तिच्यावर लिहावंसं वाटलं, आणि ते मी मागे घेणार नाही.

कवचाचा परिच्छेद मूळ लेखात आजच घालतो.