पाव मैल, चौदा सेकंद आणि माझी १९७० ची डस्टर

मसल कार, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची जुनी अमेरिकी गाडी, ही धावण्यासाठी घडवलेली आहे आणि तिला धावू दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. लिलावांतल्या किमती जसजशा चढत गेल्या, तसतशा या गाड्या रस्त्यावरून आणि शर्यतीच्या सरळ पट्टीवरून, म्हणजे ड्रॅग स्ट्रिपवरून, उचलल्या जाऊन बंदिस्त गॅरेजांत आच्छादनाखाली गेल्या, आणि त्यांचे मोल त्या किती मैल कमी चालल्या यावरून ठरू लागले. मला याचे मनापासून वाईट वाटते. मिशिगनमध्ये वाहन उद्योगात नोकरी करत असताना मी १९७० ची प्लिमथ डस्टर ३४० हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन गाड्यांच्या छोट्या शर्यतींत, अनेक वर्षे उतरवली. ड्रॅग रेसिंग म्हटले की आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मध्यरात्रीच्या रस्त्यावरचा धिंगाणा उभा राहतो, म्हणून हा खेळ प्रत्यक्षात कसा असतो ते जरा सविस्तर लिहितो.

गाडीविषयी आधी थोडे. १९६४ मध्ये पॉन्टिअॅकने जीटीओ आणली आणि मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून ती तरुण कामगाराच्या खिशाला परवडेल अशा किमतीत विकण्याची चढाओढ सुरू झाली. डस्टर त्या घराण्यातली धाकटी. व्हॅलियंट या साध्या कौटुंबिक गाडीच्या सांगाड्यावर ती बेतलेली होती. तिच्यात ३४० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.६ लिटरचे व्ही-८ इंजिन होते, कारखान्याने जाहीर केलेली ताकद २७५ अश्वशक्ती होती आणि नवी असताना ती अडीच हजार डॉलरच्या थोडी वर मिळत असे. पुढे विम्याचे हप्ते वाढले, प्रदूषणाचे नियम आले, १९७३ चे तेलसंकट आले आणि तो काळ संपला.

हौशी मंडळी ज्या प्रकारात भाग घेतात त्याला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात, आणि माझ्या मते इतका न्याय्य मोटार खेळ दुसरा नाही. पाव मैलाचे, म्हणजे १३२० फुटांचे अंतर आपली गाडी किती सेकंदांत कापेल याचा अंदाज चालकाने स्वतः आधी जाहीर करायचा असतो. हा आकडा म्हणजे डायल-इन, आणि तो पांढऱ्या शू-पॉलिशने काचेवर लिहिलेला असतो. ज्याची गाडी संथ, त्याला दोन डायल-इनमधल्या फरकाइतका वेळ आधी सुटायला मिळते. मात्र जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचलात तर ‘ब्रेकआउट’ होतो आणि सहसा शर्यत हातची जाते. त्यामुळे चौदा सेकंदांची जुनी डस्टर आणि बारा सेकंदांची नवी शेव्हरोले कॅमारो खरोखर बरोबरीने लढू शकतात, आणि जिंकतो तो आपल्या गाडीला आतून-बाहेरून ओळखणारा. खेड-मंचर भागातल्या माझ्या वाचकांना हे समजायला वेळ लागणार नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी सुटल्यावर लोकांचे डोळे जसे सेकंदांकडे लागतात, तसेच इथेही सारे सेकंदाच्या हिश्शांवर असते.

सुरुवातीच्या रेषेवर दोन मार्गिकांच्या मध्ये दिव्यांचा खांब असतो. त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात आणि १९६३ पासून तो या खेळात आहे. पुढचे चाक प्रकाशकिरणात नेमके आले की वरचे छोटे दिवे लागतात. मग तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पेटत खाली येतात आणि शेवटी हिरवा लागतो. हिरव्याची वाट पाहणारा हरलाच म्हणून समजा, कारण पाय दाबल्यापासून चाक किरणाबाहेर पडेपर्यंत थोडा वेळ जातोच. तिसरा पिवळा उजळला की निघायचे असते. घाई झाली तर लाल दिवा लागतो आणि डाव तिथेच संपतो.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि इंधन यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या, गाडीचा अंदाज बांधणे ही या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. आजच्या गाडीत संगणक हवेप्रमाणे इंधन जुळवून घेतो. माझ्या डस्टरमध्ये ते काम मला करावे लागे. सकाळची थंड, दाट हवा असली की गाडी चपळ; दुपारी उकाडा आणि दमटपणा वाढला की तीच गाडी मंदावते. दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडून इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा-इंधन नेणाऱ्या नळ्यांवर) बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या, पाण्याच्या तापमानाचा काटा दर वेळी ठरावीक ठिकाणी आला की मगच रांगेत लागायचे, टायरमधली हवा मोजायची, वाऱ्याची दिशा बघायची आणि मागच्या फेरीच्या टाइम स्लिपवर, म्हणजे वेळांच्या छापील चिठ्ठीवर, पहिल्या ६० फुटांचा वेळ काय होता ते वाचून नवा आकडा काचेवर लिहायचा. माझे टायर साधे, नक्षीचे होते, म्हणून टायर तापवण्यासाठी जिथे पाणी ओतलेले असते त्या जागेला मी वळसा घालून जात असे. नाहीतर नक्षीत अडकलेले पाणी थेट रेषेवर जाते.

ॲन आर्बरच्या दक्षिणेला मायलन ड्रॅगवे आहे. तिथली एक शर्यत मला फार प्रिय आहे. समोर कारखान्यातून निवृत्त झालेले एक कसबी डाय-मेकर (साचे घडवणारे कारागीर) होते, त्यांच्या नव्या कॅमारोवर १२.१० लिहिले होते आणि माझ्या काचेवर १४.२०. मी दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ आधी सुटलो. अर्धे अंतर होईपर्यंत आरशात काहीच नव्हते; मग कॅमारो मोठी होत होत शेवटच्या टप्प्यात माझ्या दाराशी आली आणि रेषेवर किंचित पुढे गेली. माझी वेळ १४.२३ आली, त्यांची १२.०६. ब्रेकआउट झाल्याने डाव माझा झाला. ते गृहस्थ परतीच्या वाटेवर थांबले, माझी स्लिप चष्मा वर करून वाचली आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोटबद्दल मला अर्धा तास शिकवले. जिंकलेल्याला हरलेल्याने शिकवावे, ही रीत मी त्या पार्किंगमध्ये वारंवार पाहिली.

डेट्रॉइट परिसरात या छंदाला अभियंत्यांची जुनी परंपरा आहे. रॅमचार्जर्स हा गाजलेला संघ क्रायस्लरमधल्या अभियंत्यांनीच उभा केला होता. इंडियानापोलिसला जाण्यापूर्वी, १९५९ आणि १९६० ची यू.एस. नॅशनल्स ही ड्रॅग रेसिंगची मोठी वार्षिक स्पर्धा डेट्रॉइट ड्रॅगवेवर झाली. ती पट्टी बंद होऊन आता बराच काळ लोटला आहे. न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनची १९६५ ची ड्रॅग स्ट्रिप २०१८ मध्ये थांबली, अटलांटाची २०२१ मध्ये, आणि २०२३ मध्ये ह्यूस्टनची व डेन्व्हरजवळची बँडिमियर अशा दोन्ही गेल्या. आवाजाची तक्रार खरी आहे, ती मी नाकारत नाही. वेळेची बंधने घालावीत, सायलेन्सरची सक्ती करावी. पण १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही ड्रॅग रेसिंगची संघटना स्थापन केली ती याच विचाराने, की वेगाची हौस असलेल्या मुलांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी आणावे. तपासणी, हेल्मेट, कडेचे कठडे आणि तयार उभी रुग्णवाहिका असलेली जागा बंद केली की ती हौस मरत नाही, ती चौकात येते आणि तिथे पादचारी असतात.

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरू लागली, तेव्हा मला अतिशय आनंद झाला. तिथल्या आयोजकांना माझे एकच सांगणे आहे: महागड्या गाड्यांच्या वर्गांसोबत डायल-इनचा एक वर्ग ठेवा. जुनी काँटेसा, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० घेऊन येणाऱ्या पोरालाही त्यात जिंकता येईल, आणि त्यासाठी त्याला इंजिनावर लाखो रुपये ओतावे लागणार नाहीत.

मिशिगनमधल्या मराठी मंडळींपैकी कुणाला अनुभव घ्यायचा असेल, तर उन्हाळ्यातल्या एखाद्या ‘टेस्ट अँड ट्यून’च्या, म्हणजे सरावाच्या, संध्याकाळी मायलनला या. रोजची गाडी चालते. परवाना, लांब पँट आणि बंद बूट हवेत, बॅटरी घट्ट बांधलेली हवी, आणि गाडी १३.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान असेल तर मान्यताप्राप्त हेल्मेटही आणा. डस्टर आणि मी तिथेच रांगेत असू.