देव पलीकडच्या घरी राहायला गेले होते

3 जून जवळ आला की मला पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडतानाचा आवाज ऐकू येतो. 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा लॉकडाऊनमुळे मी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरीच होते. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी आडवी झाली. रोठा जातीच्या सुपारीचं झाड हाती लागायला पाच-सात वर्षं शिंपणं करावं लागतं, त्यामुळे आप्पा ओटीवर नुसते बसून होते.

"देवाने परीक्षा घेतली" असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते अजिबात पटत नाही. जिच्या घरावर माड कोसळला त्या म्हातारीची कसली परीक्षा? वादळ तापलेल्या समुद्रावर पोसतं, त्यात मी देव शोधत नाही. पण त्या दिवसांत देव आमच्याकडे नव्हता, असंही मला कुणी सांगू नये.

आमच्या आणि शेजारच्या वाडीमध्ये चिऱ्याचा गडगा आहे. हद्दीवरून वाद झालेला, अकरा वर्षं बोलणं बंद. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही कुणी गेलं नाही.

त्या दिवशी आमची कौलं उडाली आणि देवघरात धार लागली. आई देवांवर परात धरून उभी होती. वारा पडला, पाऊस चालूच. पोफळी पडून गडगा एका जागी ढासळला होता, तिथून पलीकडच्या काकू भिजत आल्या.

"वहिनी, देव भिजतायत. माझ्याकडे द्या."

आईने टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा ताम्हनात ठेवून वर तिचं सोवळं घातलं. काकू आडव्या खोडांवरून एकेक पाऊल चाचपत गेल्या. ताम्हन छातीशी, दोन्ही हात गुंतलेले, चेहऱ्यावरचं पाणी पुसायलाही हात मोकळा नाही. ते मी अजून विसरले नाही.

मग सतरा दिवस आमचे देव त्यांच्या देव्हाऱ्यात. वीज नव्हती, आमचा पंप बंद, त्यांच्या विहिरीवर जुना रहाट होता. आप्पा रोज पूजेला जायचे आणि येताना कळशी भरून आणायचे. पहिले दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे नैवेद्याला गूळ-खोबरंच ना?" एवढ्या वर्षांत त्या विसरल्या नव्हत्या. आप्पा घरी आले आणि परसात तोंड फिरवून बराच वेळ उभे राहिले.

याला योगायोग म्हणणारे म्हणोत. आमच्या घरात रोज पूजा होत होती, आरती होत होती, पण त्या दारात पाऊल टाकायची बुद्धी आमच्यापैकी एकालाही झाली नव्हती. देव स्वतः आधी तिकडे गेले, मग आम्हाला जावं लागलं. माझी श्रद्धा या एका गोष्टीवर उभी आहे.

गडगा नंतर परत घातला. ढासळलेल्या जागी मात्र आप्पांनी चिरे लावू दिले नाहीत. सकाळी काकू तिथूनच अनंताची फुलं घेऊन येतात.