रॅम्पची सक्ती कोर्टाने उठवली, म्हणे!

घरच्या ग्रुपवर चुलतबहिणीच्या साखरपुड्याचं चाललं होतं. मी एवढंच विचारलं, की हॉलला रॅम्प आहे ना, आत्या व्हीलचेअरवर येणार आहे. उत्तर म्हणून काकांनी एक फॉरवर्ड टाकला. मथळा ‘दिव्यांग कायद्याचं सत्य’, खाली पाच मुद्दे आणि प्रत्येकापुढे लाल बाण. कायदा फक्त सरकारी इमारतींना लागू. सुप्रीम कोर्टाने 2024मध्ये रॅम्पचा नियमच रद्द केला. दोन टक्क्यांसाठी बाकीच्यांना भुर्दंड. निम्मी प्रमाणपत्रं बोगस. आणि काही केलं नाही तरी शिक्षा नाही. अर्ध्या तासाने त्याखाली आत्याचा मेसेज: ‘माझ्यापायी कुणाला त्रास नको. मी व्हिडिओ कॉलवर बघीन.’

काका तिचे सख्खे धाकटे भाऊ. म्हणून गप्प बसवेना.

आधी कोर्टाचं बघू, कारण हे नुसतं खोटं नाही, उलटं टांगलेलं खोटं आहे. निकाल खरा आहे. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार, 8 नोव्हेंबर 2024. रतुरी स्वतः दृष्टिहीन. मूळ याचिका 2005ची. कोर्टाने दिव्यांग हक्क कायद्याखालच्या 2017च्या नियमांमधला 15(1) हा नियम रद्द केला, हेही खरं. पण का? 2016चा हा कायदा इमारती सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, ‘करायच्याच’ म्हणतो आणि हा नियम मात्र मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवून मोकळा होतो. जमलं तर करा, नाही तर राहू द्या. खाली जमीनच नाही आणि वर छत बांधलंय, अशा अर्थाची टीका निकालात आहे. म्हणजे कोर्टाला नियम जाचक नाही, फारच मवाळ वाटला. म्हणून केंद्राला सांगितलं, की तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. मास्तरांनी ‘हा निबंध फारच आखूड आहे, पुन्हा लिहा’ म्हणून वही फेकली आणि पोरगं घरी येऊन सांगतंय, निबंध माफ झाला! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बातमीचा मथळा वाचला असेल. दुसरी ओळ वाचायचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

‘फक्त सरकारी’ हे त्याच कायद्याचं कलम 2 उघडलं तरी निकालात निघतं. सार्वजनिक इमारत म्हणजे सर्वसामान्य लोक वापरतात ती सरकारी किंवा खाजगी इमारत. व्यापारी, धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीची, दवाखाना, सगळं आलं. मंगल कार्यालय यात बसत नसेल तर काय बसतं? कलम 44 म्हणतं, नियम पाळले नाहीत तर नकाशाला मंजुरी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या इमारतींना कलम 45ने पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017चे, म्हणजे ती मुदत 2022मध्येच सरली. आणि खर्चाचं रडगाणं गाणाऱ्यांसाठी: ‘आर्थिक कुवतीनुसार’ ही पळवाट 1995च्या कायद्यात होती, नव्या कायद्याच्या या कलमांत ती ठेवलेली नाही.

एक कबूल करतो, नाइलाजाने. त्या व्याख्येत राहत्या सोसायट्यांचं नाव नाही. जुन्या बिल्डिंगला लिफ्ट लावायची म्हटलं की तळमजलेवाले सभेत हात वर करत नाहीत, आणि तिथे हा कायदा म्हणावा तितका कामी येत नाही. पण काका, आपण साखरपुडा सोसायटीच्या जिन्यात करत नाही आहोत.

दोन टक्के? 2011च्या जनगणनेत 2.21, म्हणजे 2 कोटी 68 लाख माणसं. तेही आठच प्रकार मोजून. कायद्यात आता 21 आहेत. 

बोगस प्रमाणपत्रं असतात, नाही कुठे म्हणतोय? 2024मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएसच्या प्रमाणपत्रांवरून केवढा गदारोळ झाला. फसवून सवलत लाटणाऱ्याला कलम 91खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याचा रॅम्पशी संबंध काय? रॅम्प कुणाकडे कार्ड मागत नाही. गुडघे धरून येणारी आजी, बाबागाडी, केटररची पातेल्यांची ट्रॉली, सगळे त्यावरूनच जातात.

शिक्षा नाही, हेही चूक. कलम 89: पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास हजार ते पाच लाख.

हे सगळं ग्रुपवर टाकण्याआधी मी हॉलच्या मॅनेजरला फोन केला. तो अगदी प्रेमाने म्हणाला, ‘टेन्शन घेऊ नका दादा, आमची चार पोरं आहेत, खुर्चीसकट उचलून ठेवतात.’ आत्या बासष्ट वर्षांची. सतरा वर्षं मुख्याध्यापिका होती. पैठणी सावरत, सगळ्या व्याह्यांदेखत, चार अनोळखी पोरांच्या हातांवरून तिने भाचीच्या साखरपुड्याला यायचं.

काल टेप घेऊन जाऊन आलो. दोन पायऱ्या, मिळून तेरा इंच. एकास बाराच्या उताराने, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, तेरा फुटांचा रॅम्प लागतो. दाराबाहेर पंचवीस फूट मोकळं आहे, मध्ये फक्त एक सिमेंटचं कारंजं. ते चालू असतं का, असं वॉचमनला विचारलं. म्हणाला, फोटोवाला आला की लावतो.